रेल्वेच्या लहान गावाच्या आठवणी कशा जमवायच्या आणि कशा लिहायच्या

आपल्या खान्देशात लहान लहान स्टेशनांची कितीतरी गावं आहेत, एक प्लॅटफॉर्म, क्वार्टरची एक रांग, एक विहीर, गेट, बाजूला कपाशीच्या गाठी नाहीतर केळीचे घड ठेवायची जागा आणि थोडं लांब मूळ गाव. या स्टेशनांवर ज्यांची उमेदीची वर्षं गेली ते लोक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. बऱ्याच जणांना वाटतं की आपल्या वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या स्टेशनबद्दल काहीतरी लिहावं, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, मग दोन ओळी होतात, "काय दिवस होते ते" म्हणून विषय संपतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, मी जसं करतो तसं, तुम्ही तुमच्या गावाप्रमाणे बदल करून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. रेल्वेच्या गावाची आठवण माणसाच्या कामात सापडते. हातात काय धरायचे, किती वाजता उठायचे, कंदिलात तेल कोण भरायचं, गाडी लेट असली तर चूल कधी पेटायची. "कसं वाटायचं तेव्हा?" असं विचारलं की माणूस गप्प बसतो नाहीतर भाषण देतो, काम विचारलं की बोलत सुटतो.

हे मला पटलं ते इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या छोट्या रेल्वे गावांबद्दल वाचता वाचता. तिकडे यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर स्कारबरो ते व्हिटबी अशी एक एकेरी लाइन होती, १८८५ ला सुरू झाली, मध्ये रेव्हन्सकार, रॉबिन हूड्स बे अशी छोटी स्टेशनं, एका बाजूला शेतं आणि दुसऱ्या बाजूला उभा कडा आणि खाली समुद्र. १९६३ ला तिकडच्या रेल्वेचे प्रमुख बीचिंग साहेब यांचा रिपोर्ट आला, त्यात देशभरातली २,३६३ स्टेशनं बंद करा असं होतं, आणि ही लाइन १९६५ ला बंद पडली, रूळ उचलले, आता त्याच वाटेवर लोक पायी आणि सायकलने फिरतात. पण त्या लाइनबद्दल जे लिहून ठेवलंय ते बघा किती बारीक आहे. रेव्हन्सकारजवळ ३९ फुटाला १ फूट असा चढ, समुद्रावरून धुकं आलं की रूळ ओले व्हायचे आणि इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायची, मग गाडी मागे घेऊन परत जोर लावायचा. १९३३ पासून तिकडच्या रेल्वे कंपनीने जुने झालेले डबे सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभे करून सुट्टीवाल्यांना आठवड्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, म्हणजे शहरातलं अख्खं कुटुंब येऊन रेल्वेच्या डब्यात राहायचं, तिथेच स्वयंपाक, तिथेच झोपणं, आणि पोरं दिवसभर समुद्रावर. रेव्हन्सकारला तर मोठं हवा खाण्याचं शहर वसवायचं म्हणून रस्ते आखले, प्लॉट पाडले, पण लोक फिरकलेच नाहीत.

आता यात "फार सुंदर दिवस होते" असं कुठेच नाही, तरी गाव डोळ्यासमोर उभं राहतं की नाही? धुकं, चढ, ओला रूळ, सायडिंगचा डबा. आपल्याला हेच करायचंय, फक्त समुद्राच्या जागी तापी, गिरणा, पांझरा आणि धुक्याच्या जागी ऊन. ऊन हा फार मोठा विषय आहे बरं का, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, लोखंड तापून फुगतं, रूळ वाकायची भीती असते, म्हणून गँगमनला, म्हणजे रुळाची देखभाल करणाऱ्या कामगाराला, भर दुपारी लाइन बघत चालायला लागतं. तिकडच्या माणसाला धुक्याबद्दल विचारतात तसं आपल्या गँगमनला उन्हाळी पेट्रोलिंगबद्दल विचारा. पायात काय असायचं, पाणी कशात न्यायचे, सावलीला कुठलं झाड होतं, ते झाड आता आहे का.

आधी एकच स्टेशन धरा

अख्ख्या भुसावळचा इतिहास लिहायला बसू नका, ते काम वेगळं आणि फार मोठं आहे, तिथे शेड, यार्ड, वर्कशॉप, ट्रेनिंग स्कूल, बाजारपेठ, सगळंच अफाट आहे. एक स्टेशन नाहीतर एक गेट नाहीतर क्वार्टरची एक रांग धरा आणि साधारण वीस-पंचवीस वर्षांचा काळ धरा.

मात्र तुमचं स्टेशन कोणत्या लाइनवरचं आहे ते नीट समजून घ्या, कारण लाइन बदलली की जगणं बदलतं. मुंबई-भुसावळ ही मेन लाइन, जुन्या जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची), भुसावळहून एक फाटा नागपूरकडे गेला तो १८६७ ला पोचला आणि दुसरा खंडवा-इटारसी-जबलपूरकडे, त्यामुळे १८७० ला मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने जोडले गेले. या लाइनवरच्या लहान स्टेशनवर राहणाऱ्याच्या डोक्यात मेल-एक्सप्रेसचा धडाका असतो, न थांबणाऱ्या गाड्या, रात्रभर मालगाड्या. रावेर, निंभोरा, सावदा इकडच्या माणसाच्या डोक्यात केळी असतात, दिल्लीकडे जाणारे रॅक (म्हणजे अख्ख्या मालगाड्या), घड उतरवणारे लोडर, मालधक्क्यावर पसरलेली पानं, वेळेत भरून झालं नाही तर होणारी धावपळ.

सुरत-नंदुरबार-दोंडाईचा-अमळनेर ही ताप्ती व्हॅलीची लाइन, साधारण १९०० ची, ती वेस्टर्न रेल्वेकडे, त्यामुळे तिथल्या स्टाफमध्ये गुजराती बोलणारे बरेच, घराघरात दोन-तीन भाषा. आता ती डबल झालीय आणि इलेक्ट्रिक झालीय पण ज्यांनी एकेरी लाइनचा काळ पाहिलाय त्यांच्याकडे क्रॉसिंगच्या, म्हणजे समोरची गाडी जाईपर्यंत थांबायच्या, गोष्टी भरपूर असतात, पॅसेंजर तासभर उभी आणि लोक खाली उतरून शेतात हरभरा खातायत वगैरे.

आणि तिसरी जात म्हणजे ब्रँच लाइन. चाळीसगाव-धुळे, जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर अशी स्टेशनं करत जाणारी. आणि आपली पीजे, पाचोरा-जामनेर, अडीच फुटी रूळ, ५६ किलोमीटर, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत जायची. २०२० ला कोरोनात थांबली ती थांबलीच, आता ब्रॉडगेजचं काम आहे. तुमचं गाव पीजेवरचं असेल तर मी म्हणेन बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हेच हातात घ्या, ज्यांनी रोज त्या गाडीने शाळा-कॉलेज केलं ती पोरं अजून तरुण आहेत, त्यांनाही बरंच आठवतं आणि त्यांच्या मोबाईलमध्ये जुने फोटो-व्हिडिओ पडलेले असतात, फोन बदलला की जातात.

जायच्या आधी थोडा अभ्यास

म्हाताऱ्या माणसाला सन विचारू नका. "कोणत्या सालची गोष्ट आबा?" म्हटलं की ते अडकतात, अंदाजे काहीतरी सांगतात आणि तुम्ही तेच लिहून घेता. त्याऐवजी काही खुणा हाताशी ठेवा आणि त्याच्या आधी की नंतर एवढंच विचारा. १९७२ चा दुष्काळ. १९७४ चा रेल्वेचा संप, ८ मेला सुरू झाला, वीस दिवस चालला, त्या वेळी देशभर कामगार तुरुंगात गेले आणि कितीतरी घरांना क्वार्टर खाली करायला लावले, ज्या घरात रेल्वेची नोकरी होती त्या घरात याची आठवण असतेच. मेन लाइनवर वरची तार (विजेच्या इंजिनाची) आली ती साठच्या दशकाच्या शेवटी, म्हणजे "तार यायच्या आधी का नंतर" असं विचारलं की वाफेच्या इंजिनाचा काळ वेगळा काढता येतो. घरातलं लग्न, पोराचा जन्म, बदली, याही खुणाच.

जुनं काही शोधायचं तर लक्षात ठेवा की १९६० पर्यंत जळगाव जिल्हा म्हणजे पूर्व खानदेश आणि धुळे म्हणजे पश्चिम खानदेश, आणि नंदुरबार जिल्हा १९९८ ला झाला, त्यामुळे जुन्या कागदात "जळगाव जिल्हा" शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. १८८० चं खानदेशचं गॅझेटियर आहे, बाराव्या खंडात, ते ऑनलाइन वाचायला मिळतं, त्यात तेव्हाच्या रेल्वेचा भाग आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथे जुने कागद बघायची सवय असलेली माणसं भेटतात. पण अभ्यासात अडकून पडू नका, कागद पुढच्या वर्षीही तिथेच असतील.

कुणाला विचारायचं

इथे बहुतेक जण स्टेशन मास्तरकडे जातात आणि तिथेच थांबतात. मास्तर छान बोलतात, हिशेबाने बोलतात, त्यांचं ऐकाच, पण लहान स्टेशनचं जगणं त्यांच्या टेबलाच्या बाहेर जास्त होतं. पॉइंटमन (गाडीचा रूळ बदलणारे, झेंडी दाखवणारे), गेटमन, कीमन (रोज चालत रूळ तपासणारे), गँगचे मुकादम, सिग्नलचे कंदील लावणारे लॅम्पमन, पाणी भरणारे, पार्सलवाले हमाल, टपऱ्यावाले. भुसावळसारख्या ठिकाणचं असेल तर कॉलबॉय, जो रात्री-बेरात्री ड्रायव्हरच्या दारात जाऊन उठवायचा आणि वहीवर सही घ्यायचा, आणि रनिंग रूमचे, म्हणजे ड्रायव्हर-गार्डच्या विश्रांतीच्या जागेचे, खानसामे, त्यांना कोणत्या ड्रायव्हरला कसली भाजी लागते ते तोंडपाठ.

आणि बाया. हे मी फार कळकळीने सांगतो. क्वार्टरमध्ये दिवसाचे चोवीस तास राहिल्या त्या बायका, नवरा ड्युटीवर, पोरं शाळेत, आजूबाजूला वस्ती नाही. पाणी किती वाजता यायचं, साप निघाला तर कोण यायचं, बाळंतपणाला कोणत्या गाडीने न्यायचे, रात्री गेटवर एकटीने कसं राहायचं, हे दुसरं कुणी सांगू शकत नाही. त्यांना विचारलं की आधी म्हणतात, "माले काय माहीत, यास्ले इचारा", आणि पुरुष शेजारी बसलेला असला तर खरंच काही बोलत नाहीत. म्हणून आक्कांशी, मावशीशी वेगळं बसा, ओट्यावर, शेंगा फोडताना नाहीतर बिबड्या वाळत घालताना, हात कामात असला की बोलणं मोकळं होतं. तुमच्याबरोबर बहीण, बायको, मैत्रीण असेल तर अजून चांगलं.

क्वार्टरमध्ये सगळे सारखे नव्हते हेही लपवू नका. साहेबाचा बंगला, मास्तरचं क्वार्टर आणि गँगची खोली यात फरक होता, कोण कुणाच्या घरी पाणी प्यायचं आणि कोण नाही यातही होता. कुणी स्वतःहून सांगितलं तर ते जसंच्या तसं घ्या, "पण सगळे प्रेमाने राहायचे ना?" असं म्हणून त्यांचं तोंड बंद करू नका.

कसं विचारायचं

सगळ्यात सोपा प्रश्न म्हणजे, "नाना, नाइट ड्युटी असली की घरातून निघताना काय काय घ्यायचात?" बस. कंदील, लाल-हिरवी झेंडी, फटाके (हे दिवाळीचे नाही, रुळावर बांधायचे, गाडीचं चाक वरून गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हरला समजतं की पुढे धोका आहे), भाकरीचं फडकं, बिडी, काठी. एकेका वस्तूवर थांबा. कंदिलात घासलेट किती बसायचं, काच कशाने पुसायचे, राखेने का कागदाने, काच फुटली तर पैसे कोणाचे कापायचे. मग फटाके कधी खरोखर लावावे लागले का? इथे मोठी गोष्ट निघते.

एकेरी लाइनवरचे कुणी असतील तर टोकनबद्दल विचारल्याशिवाय उठू नका, बरेच जण त्याला गोळाच म्हणतात. दोन स्टेशनांची मशीन तारेने जोडलेली असायची, पुढच्या मास्तरने तिकडून परवानगी दिल्याशिवाय इकडे गोळा बाहेर निघत नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नाही, म्हणून त्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी, समोरासमोर यायचा प्रश्नच नाही. हा लोखंडी गोळा चामड्याच्या पाकिटात, पाकीट वेताच्या मोठ्या रिंगला अडकवलेलं. गाडी थांबणारी नसली की पॉइंटमन प्लॅटफॉर्मच्या कडेला रिंग उंच धरून उभा राहतो, इंजिनातला माणूस हात बाहेर काढून रिंगमध्ये घालतो आणि त्याच झोकात मागच्या टप्प्याची रिंग खाली फेकतो. आता विचारा, हात कोणता पुढे करायचा? पाय कसे ठेवायचे? रिंग चुकली तर काय? रात्री उजेड कशाचा? फेकलेली रिंग बाभळीत गेली तर शोधायला कोण जायचं? हे प्रश्न विचारले आणि आबा खुर्चीतून उठून हात वर करून उभे राहिले की समजा आठवण सापडली. तेवढ्यात शक्य असलं तर व्हिडिओ घ्या, कारण ती हाताची ठेवण लिहून समजत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे पुठ्ठ्याचं तिकीट. घरात कुठेतरी पोथीत, ट्रंकेत एखादं असतंच. सव्वादोन इंच लांबीचं ते जाड तिकीट इंग्लंडमधल्या एका लहान स्टेशनच्या मास्तरच्या डोक्यातून निघालं, थॉमस एडमंडसन त्यांचं नाव, १८३० च्या दशकातली गोष्ट, आणि तेच माप आपल्याकडे कॉम्प्युटरचं तिकीट येईपर्यंत चाललं. तिकिटावर नंबर असतो आणि तारीख दाबून उमटवलेली असते, ती उजेडात तिरकी धरली की वाचता येते. तारीख मिळाली की त्या प्रवासाची गोष्ट विचारा, कुठे चाललेला, कशासाठी, बरोबर काय होतं.

रेल्वेच्या नोकरीत मिळणाऱ्या फुकट प्रवासाच्या पासबद्दलही विचारा. रेल्वेच्या घरातल्या पोरांनी पासावर देश पाहिला. आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बापाच्या पासावर मुंबईला गेल्यावर, तो दिवस विचारा, डब्यात काय बांधून नेलेलं, कळण्याची भाकरी आणि ठेचा का पुऱ्या, रात्री कुठे झोपले, परत येताना काय आणलं.

आणि आवाज. क्वार्टरमध्ये वाढलेला माणूस घड्याळाकडे न बघता गाडी ओळखायचा, ही कोणती, लेट आहे का वेळेवर, रिकामी मालगाडी का भरलेली. "डोळे मिटून सांगा, पहाटे पहिला आवाज कशाचा?" असं विचारून गप्प बसा. गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यात अवघड आहे, आपल्याला लगेच पुढचा प्रश्न टाकायची घाई असते, तर ते आवरा, माणूस आठवत असताना थोडा वेळ शांत असतो.

भाषा बदलू नका. अहिराणीत बोलले तर अहिराणीत लिहा, लेवा बोलीत बोलले तर तसंच. गाडीची शिट्टी ऐकून पोरं ओरडायची "गाडी उनी, गाडी उनी!" (गाडी आली) तर ते तसंच पाहिजे, "रेल्वेगाडीचे आगमन झाले" असं नको.

नकाशा काढून घ्या

हे करून बघाच, फार उपयोगी आहे. एक मोठा कागद, स्केचपेन, मध्ये एक लांब रेष म्हणजे रूळ, आणि पेन त्यांच्या हातात द्या. स्टेशन कुठे, विहीर कुठे, गेट कुठे, कोणत्या क्वार्टरमध्ये कोण, कोळसा कुठे पडायचा, पोरं कुठे खेळायची, मारुती कुठे, पीराची जागा कुठे. दोन जुने लोक एकत्र बसवले तर त्यांचा वाद होतो, विहीर इकडे होती, नाही रे तिकडे होती, आणि त्या वादात जे बाहेर निघतं ते एकट्याकडून कधीच निघत नाही. गँगमध्ये काम केलेला माणूस जागा किलोमीटर आणि खांबाच्या नंबराने सांगतो, अमुक बटा अमुक, ते नंबर लिहून घ्या, पुढे जागा शोधायला लागतात.

नकाशा बघून जागा पाहायला जायचं असेल तर गेटवरून, प्लॅटफॉर्मवरून बघा, मास्तरना भेटून सांगून बघा. रुळावरून चालत जाऊ नका, रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली तो गुन्हा आहे, आणि इलेक्ट्रिकच्या गाड्या फारसा आवाज न करता येतात, जुन्या सवयीने चालणारे अनुभवी लोकसुद्धा त्यात गेलेत.

रेकॉर्डिंग

मोबाईल पुरतो. फक्त कूलर आणि पंखा बंद करता आला तर करा, नाहीतर नंतर नुसता घर्र ऐकू येतो, उन्हाळ्यात म्हणून सकाळी लवकर जा. फोन फ्लाइट मोडवर टाका, माणसाच्या जवळ, रुमालावर ठेवा. सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण बोलतंय ते तुमच्या आवाजात बोला. रेकॉर्ड करतोय हे आधी सांगा आणि विचारा. घरी आल्यावर त्याच दिवशी दुसरीकडे कॉपी करा आणि फाइलला नाव द्या, स्टेशनचं नाव, माणसाचं काम, तारीख. लांबलचक बसू नका, थकले की उठा, पुन्हा जा. दुसऱ्या वेळी जास्त सांगतात कारण मधल्या दिवसांत त्यांनाच आठवत असतं.

आता लिहायचं

ऐकलेलं सगळं लिहू नका. एका बैठकीतून एक-दोन गोष्टी निवडा आणि त्या पूर्ण लिहा. आपल्याला सवय लागलेली असते ती अशी: "त्या काळी स्टेशनवरचं जीवन कष्टाचं पण समाधानाचं होतं. सर्व कर्मचारी एका कुटुंबाप्रमाणे राहत." हे कुठल्याही स्टेशनला लागू पडतं, म्हणून ते तुमच्या स्टेशनचं नाही.

तेच असं लिहून बघा: "रात्रीची पॅसेंजर लेट असली की माय पीठ चाळून परातीत काढून ठेवायची, काटक्या चुलीत रचून ठेवायची, पण पेटवायची नाही. आउटरला, स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, शिट्टी झाली की काडी लावायची. बाबा गाडी काढून देणार, झेंडी गुंडाळणार, कंदील खुंटीला लावणार, हात धुणार, तोपर्यंत पहिली भाकरी ताटात. गाडी आउटरलाच अडकून पडली तर चूल विझायची आणि माय सिग्नलवाल्याच्या नावाने बोटं मोडायची." यात कष्ट, प्रेम, कुटुंब असा एकही शब्द नाही, सगळं आहे तरी.

असं लिहायला तपशील लागतो, आणि तपशील नसला तर बनवू नका, परत जाऊन विचारा. काडी कशी लावायची, भाकरी कळण्याची का बाजरीची, हे विचारायला फोन केला तरी लोक खूश होतात. दोन जणांनी एकच गोष्ट वेगळी सांगितली तर दोन्ही लिहा, "अमुक म्हणतात असं, तमुक म्हणतात तसं", तुम्ही न्यायाधीश नाही. मात्र गाड्यांच्या वेळा, कोणती गाडी कधी सुरू झाली, असल्या गोष्टी जुन्या टाइमटेबलवरून नाहीतर दुसऱ्या माणसाकडून तपासा, कारण तिथे एक चूक झाली की पुढे ती कॉपी होत राहते.

क्रम सन-सालाने लावायचा हट्ट नको. मी तर एका दिवसाने लावतो, पहाटेपासून रात्रीपर्यंत, गाड्यांप्रमाणे. पहाटेची पॅसेंजर, दूधवाले, शाळेची पोरं, दुपारी ऊन आणि सामसूम, गँगचा डबा, संध्याकाळची परतीची गाडी, कंदील लावायची वेळ, रात्रीची मालगाडी. रेल्वेच्या गावाचा दिवस असाच चालायचा, त्यामुळे वाचणाऱ्यालाही पटकन गाव कळतं. मग त्यात पावसाळा, पूर, लग्न, संप असे वेगळे दिवस मध्ये मध्ये टाका.

काही गोष्टी जपून

अपघाताच्या आठवणी निघतातच. रुळावर गेलेला माणूस, कटलेलं जनावर, गँगमधला एखादा सोबती. त्या ऐका, घाईत विषय बदलू नका, पण लिहिताना नाव, गाव असं काही टाकू नका ज्यावरून घर ओळखू येईल, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. कुणाची दारू, कुणाची चोरी, कोण कुणाबरोबर गेली, हे तुमच्या वहीत राहू द्या. कोळसा वेचणं, विनातिकीट जाणं असलं लोक हसत सांगतात पण नंतर नातवंडांना आवडत नाही, तेव्हा छापायच्या आधी पुन्हा एकदा विचारून घ्या.

फोटो घेतले तर मूळ फोटो घरातून नेऊ नका, तिथेच खिडकीच्या उजेडात मोबाईलने काढा, फोटोच्या मागची बाजूही काढा कारण तिथे तारीख, स्टुडिओचं नाव लिहिलेलं असतं, आणि फोटोतले लोक कोण ते लगेच, डावीकडून उजवीकडे, लिहून घ्या.

लिहून झालं की ऑनलाइन टाकायच्या आधी मोठ्या अक्षरात एक प्रिंट काढा आणि ज्यांनी सांगितलं त्यांच्या घरी स्वतः घेऊन जा. त्यांना दिसत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा, हळू, आणि हातात पेन ठेवा. "असं नव्हतं ते" असं ते मध्येच म्हणतील, तिथे थांबा, काय होतं ते विचारा, कडेला लिहून घ्या. दुरुस्त केलेली एक प्रत त्यांच्या घरी, एक गावच्या वाचनालयात नाहीतर शाळेत, आणि रेकॉर्डिंगची कॉपी त्यांच्या मुलाच्या किंवा नातीच्या फोनमध्ये. हे झालं की मग पोस्ट करा, आणि खाली स्टेशनचं नाव, तालुका नीट लिहा म्हणजे त्या गावातून बदली होऊन लांब गेलेल्या लोकांना ते सापडेल.